कर्जतचं नेट आणि १९८३ ची संध्याकाळ

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे लाइट जाते, परत येते, राउटरचे दिवे लागतात, पण नेट नाही. घरून काम करणाऱ्याने थांबायचं की सरळ मुंबईची लोकल पकडायची? आधी कळायला हवं, दोष घरात आहे की बाहेर. ते सांगणारं हत्यार आपल्याकडच्या इंटरनेटपेक्षाही जुनं आहे.

डिसेंबर १९८३. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत नेटवर्क विचित्र वागत होतं. माइक म्यूस यांनी एका संध्याकाळी छोटा प्रोग्राम लिहिला: पिंग. नाव सोनारच्या आवाजावरून. हाक मारा, प्रतिसादाला किती वेळ लागला ते मोजा. एवढंच! भारतात व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

पुढे १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १९२.१६८ चे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवले. म्हणून कर्जतच्या आणि खोपोलीच्या राउटरचा घरातला पत्ता एकच असला, तरी भांडण होत नाही.

आता पिंगचं अ‍ॅप उघडा. पहिली हाक राउटरला, बहुतेकदा १९२.१६८.१.१. उत्तर नाही? वायफाय, केबल, राउटर तपासा. उत्तर आलं, तर ८.८.८.८ ला हाक मारा. तिथे शांतता? मग बहुधा बाहेरची लाइन. दोन्हीकडून उत्तर येतं, पण साइट नावाने उघडत नाही? डीएनएस बघा.

तक्रार करताना हेच सांगा. ‘राउटर बंद-चालू करा’च्या पुढे बोलणं जाईल. भेटू पुढच्या भागात!