सावध करणाऱ्या शब्दांचा प्रवास

इंग्रजीत ‘हेड्स अप’ अशी सावधगिरीची एक आरोळी आहे. वरून काही पडत असले किंवा चेंडू अंगावर येत असला, की ‘मान वर करून पाहा’ या अर्थाने ती दिली जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी इंग्रजीत तिचे नाम बनले आणि ‘आगाऊ सूचना’ हा अर्थ रूढ झाला. आज कचेरीत कोणी ‘हेड्स अप’ देतो तेव्हा धोका असतोच असे नाही; पुष्कळदा ती केवळ खबर असते.

आपल्या घरांत नेमका उलट प्रवास केलेला एक शब्द नांदतो आहे. फारसी ‘खबरदार’ म्हणजे खबर बाळगणारा, जाणता, जागरूक. मराठीत त्याची दटावणी झाली. तिकडे आरोळीची खबर झाली, इकडे खबरीची आरोळी.

१३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली, गुलबर्गा तिची राजधानी झाले आणि दरबारात फारसी रुळली. पुढे निजामी अमलात फारसी व नंतर उर्दू कारभारात राहिली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. परंतु ‘खबरदार’ लोकांच्या तोंडी टिकलाच. संस्कृत ‘सावधान’ मंगलाष्टकांत स्थिरावला. तो शब्द कानी पडताच जांबचा नारायण बोहल्यावरून निघून गेला व पुढे समर्थ रामदास झाला, असे परंपरा सांगते.

‘हुशार’ची कथा आम्हां सीमावासीयांना अधिक जवळची आहे. फारसी ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा. मराठीत त्याचा ‘बुद्धिमान’ झाला. कानडीत मात्र ‘हुषार’मध्ये सावधपणा अजून जिवंत आहे, प्रकृती बरी नसली तरी ‘हुषारिल्ल’ म्हणतात. म्हणून एकच शब्द आमच्या उंबरठ्याच्या आत शाबासकी असतो, बाहेर इशारा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आमची मुले कानडीत शिकू लागली, घरचे मराठी विरळ होत चालले. शब्द विसरला तर दुसरा मिळतो. पण सावध करणारा शब्द वेळेवर कळला नाही, तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. दोन्ही अर्थ ज्यांना ठाऊक आहेत, अशी घरे आता थोडी उरली आहेत. ते दोन्ही अर्थ नातवंडांच्या हाती सोपवणे, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.