अक्षरगणना आणि मोकळीक : 'गीताई' व मराठी 'मेघदूत' यांचा संख्याबंध

संख्येच्या आकृतिबंधात कविता रचणे हा आधुनिक पाश्चात्त्य प्रयोग मानण्याकडे अनेकदा कल दिसतो. पॅरिस येथे १९६० साली रेमों क्नो व फ्रांस्वा ल लियोने यांनी स्थापन केलेल्या 'उलिपो' मंडळाने गणिती निर्बंधांतून साहित्यनिर्मिती करण्याचा पुरस्कार केला. फिबोनाची श्रेणीनुसार ओळीतील अवयव वाढवीत नेणारी इंग्रजी रचना २००६ नंतर प्रचारात आली. भारतीय छंदशास्त्राच्या अभ्यासकास मात्र ही श्रेणी अपरिचित नाही. लघू अक्षराची एक मात्रा व गुरू अक्षराच्या दोन असे धरले, की कोणत्याही मात्रासंख्येचा चरण लघूने तरी संपतो अथवा गुरूने तरी. त्यामुळे त्याच्या प्रकारांची संख्या ही मागील दोन संख्यांची बेरीज ठरते : १, २, ३, ५, ८, १३. विरहांकाच्या 'वृत्तजातिसमुच्चया'त हा नियम आहे आणि हेमचंद्राने तो इ. स. ११५० च्या सुमारास स्पष्टपणे मांडला आहे. पिसाच्या लिओनार्दोचा ग्रंथ १२०२ सालचा.

परंतु अग्रक्रमाचा अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे. पिंगलाच्या प्रस्ताराने किती वृत्ते संभवतात हे कळते. त्यांपैकी एक निवडल्यावर कवीच्या भाषेचे काय होते, हे कळत नाही. हा दुसरा प्रश्न तपासण्यासाठी पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील दोन व्यक्तींच्या रचना एकत्र ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे आणि १८९६ साली महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले, रोह्याच्या घराण्यातील चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ते दोघे होत. विनोबांचे गणितप्रेम सर्वश्रुत आहे. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले. दोघांनीही संस्कृतातील एकेक काव्यग्रंथ मराठी पद्यात आणला. मात्र त्यांनी पत्करलेले संख्याबंध जवळजवळ दोन टोकांचे आहेत.

'गीताई'ची रचना ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात झाली आणि १९३२ साली ती प्रसिद्ध झाली. मूळ गीतेप्रमाणे तिचे बहुसंख्य श्लोक अनुष्टुभात आहेत. आठ अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंच्या मांडणीने २५६ प्रकार संभवतात. अनुष्टुभाचा रूढ नियम त्यांपैकी तीनच जागा निश्चित करतो : पाचवे अक्षर लघू, सहावे गुरू, आणि सातवे विषम चरणात गुरू तर सम चरणात लघू. उरलेल्या पाच जागा ढोबळमानाने मोकळ्या राहतात. म्हणजे प्रत्येक चरणास ३२ वाटा खुल्या असतात.

देशमुखांचा 'मेघदूता'चा अनुवाद १९४४ चा. त्याच वर्षी जुलैमध्ये ते ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. हा अनुवाद मुळाप्रमाणेच मंदाक्रांता वृत्तात आहे. सतरा अक्षरांच्या चरणाचे १,३१,०७२ प्रकार होतात. त्यांपैकी दहा गुरू व सात लघू असलेले, म्हणजे २७ मात्रांचे, १९,४४८ आहेत. मंदाक्रांता हा त्यांतील नेमका एक प्रकार. म, भ, न, त, त आणि दोन गुरू हा क्रम चारही चरणांत अबाधित राहतो, आणि चार, सहा व सात अक्षरांवर यती येतो. सतरापैकी एकही जागा कवीच्या हाती उरत नाही. चरणान्ती लघूस गुरू मानण्याची सवलत तेवढी असते.

या फरकाचा परिणाम नादापुरता राहत नाही, तो शब्दसंग्रहापर्यंत पोहोचतो. मंदाक्रांतेच्या चरणात आरंभीच्या चार गुरूंनंतर सलग पाच लघू येतात. संस्कृतात ही रचना सहज होते. मराठीत ती अवघड आहे. मराठीची विभक्तिरूपे व क्रियापदे बहुधा दीर्घ स्वराकडे झुकतात : घराला, मेघाने, जातो, पाहून. शिवाय अकारान्त शब्दातील अन्त्य 'अ' बोलताना लोपतो, पद्यात मात्र तो मोजला जातो. 'घर' हा उच्चारात एकावयवी शब्द पद्यात दोन लघूंचा होतो. म्हणजे मराठीतील अक्षरगणना ही बोलीतील ध्वनींची मोजदाद नसून, बोलीने गाळलेला स्वर परत देणारा एक संकेत आहे. पाच लघूंची जागा भरताना मराठी कवीची ओढ 'जलद', 'पवन', 'नयन' अशा तत्सम शब्दांकडे जाते. ही त्याची पंडिती हौस असेलच असे नाही. वृत्ताची संख्याच त्याला तिकडे नेते.

अनुष्टुभात ही सक्ती नाही. 'गीताई'तही तत्सम शब्द विपुल आहेत, हे खरे. पण ते तत्त्वविचाराच्या परिभाषेतून आलेले आहेत, वृत्ताच्या गरजेतून नव्हेत. पाच मोकळ्या जागांमुळे मराठी प्रत्यय, अव्यये व क्रियापदे आपल्या स्वाभाविक क्रमाने चरणात बसू शकतात. गीता समजेल अशा मराठीत हवी, ही विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंची इच्छा होती. त्यांचे निधन १९१८ साली झाले. ज्या श्रोत्यासाठी रचना करावयाची, त्याची भाषा सामावून घेण्याइतकी मोकळीक या छंदात होती.

यावरून मंदाक्रांतेची निवड चुकीची ठरत नाही. 'मेघदूता'चे काव्य त्याच्या मंद, विलंबित गतीत मोठ्या प्रमाणात वसलेले आहे. ती गती राखावयाची तर सतराही जागांचे ऋण फेडावेच लागते. एका अनुवादाने श्रोत्याशी इमान राखले, दुसऱ्याने मूळ कृतीच्या गतीशी.

विनोबांनी सांगितलेला एक प्रसंग येथे उद्बोधक आहे. त्यांच्या मातोश्रींनी देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता व त्या एकेक दाणा मोजीत. वडिलांनी सुचविले, की तोळाभर तांदळातील दाणे मोजून त्रैराशिकाने हिशेब करावा. मातोश्रींनी मुलाला विचारले, तेव्हा गणितप्रेमी विनोबांनी मोजण्याचीच बाजू घेतली : प्रत्येक दाण्यागणिक देवाचे स्मरण होते, तो केवळ हिशेब नव्हे.

काव्यातील संख्येविषयी याहून नेमका भेद सांगणे कठीण आहे. प्रस्तार हे गणित आहे. ते एका सूत्रात १,३१,०७२ चा आकडा देते. रचना ही गणना आहे. तेथे प्रत्येक अक्षर कवीला स्वतः वेचून ठेवावे लागते. माधव ज्युलियन यांच्या 'छंदोरचने'ने (१९२७, विस्तारित आवृत्ती १९३७) छंद, जाती व वृत्त यांचे भेद मराठीसाठी पद्धतशीरपणे मांडले. त्या वर्गीकरणाला आता एका प्रश्नाची जोड देणे आवश्यक आहे : अमुक बंधात किती जागा मोकळ्या राहतात, आणि त्या जागांतून कोणाची मराठी आत येते? हा प्रश्न विचारला, तर वृत्तचर्चा ही काव्यभाषेच्या इतिहासाचे एक साधन ठरेल.