काकणाचे झाड

रत्नागिरीचा इतिहास लिहिताना आपण किल्ले, बंदरे आणि खोती यांपाशीच थांबतो. या किनाऱ्यावरील शिकारी पक्ष्यांचेही जुने दप्तर आहे. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० साली ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरलाही त्यांचा हातभार होता. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा, हे खरे; पण आज तुलनेला आधार आहे तो याच कामाचा.

त्या यादीतला समुद्रगरुड म्हणजे कोकणातला काकण. राखी पाठ, शुभ्र पोट, पाचरीसारखी शेपटी. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे खाणे. घरट्याखाली सापांच्या मणक्यांचा सडा सापडतो. उंच आंब्यावर, अलीकडे किनाऱ्यावर लावलेल्या सुरूवरही, तो काटक्यांचा मोठा माच रचतो आणि वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करतो. बहुधा दोन अंडी.

गिधाडांची कहाणी वेगळी. त्यांचे पोट माणसाच्या गोठ्यावर अवलंबून होते आणि तिथेच घात झाला. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडापर्यंत पोहोचले. २००४ साली हे कारण सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तोवर देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. रायगडच्या म्हसळा तालुक्यातील चिरगावसारख्या मोजक्या जागी काही तगली.

काकण या संकटातून सुटला, कारण त्याचे ताट समुद्रात. त्याचा धोका मात्र जमिनीवर आहे. देवराईतल्या झाडाला निदान देवाचे भय राखते. खासगी वाडीतला जुना आंबा सातबाऱ्यावरील सगळ्या नावांच्या मर्जीवर उभा असतो, आणि ती नावे बहुधा मुंबईत राहतात. लाकडाचा व्यापारी गावात आला की एका दुपारचे काम. म्हणून माझे मत असे, की घरटी मोजणाऱ्याने पक्ष्याबरोबर झाडाची जात, घेर, गट क्रमांक आणि मालकही लिहावा. पुढची यादी करणाऱ्याला निदान विचारायला कोणाच्या दारी जायचे ते कळेल.