संकेतार्थ व विध्यर्थ : मराठी व्याकरणपरंपरा आणि एक स्पॅनिश क्रियारूप

प्रस्तावना

स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळी 'सब्जंक्टिव्ह' हे क्रियारूप मराठी विद्यार्थ्यास अवघड वाटते. वरोऱ्यासारख्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत ते बहुधा इंग्रजी पुस्तकांतून पोहोचते आणि इंग्रजीत त्याची स्वतंत्र खूण जवळजवळ उरलेली नाही. प्रस्तुत लेखात मराठी व्याकरणाच्या इतिहासाच्या आधारे या रूपाचा विचार केला आहे.

रूपाची घडण

नियमित क्रियापदाच्या साध्या भूतकाळातील तृतीयपुरुषी अनेकवचनी रूपामधून 'रोन' काढून 'रा' लावतात. उदा. आब्लारोन–आब्लारा (बोलणे), कोमिएरोन–कोमिएरा (खाणे), बिबिएरोन–बिबिएरा (राहणे). 'रा'ऐवजी 'से' हा प्रत्ययही चालतो. 'रा' रूपाचे मूळ लॅटिनमधील पूर्णभूतकाळाच्या स्वार्थी रूपात आहे. म्हणजे घडलेले सांगणारे रूपच पुढे न घडलेले सांगू लागले.

संस्कृत आणि मराठी

पाणिनीने 'क्रियातिपत्ती'साठी, म्हणजे क्रिया घडू शकली नाही अशा प्रसंगी, लृङ् लकार सांगितला व त्याचा संबंध लिङ् लकाराच्या निमित्तांशी जोडला. मराठीत लृङ् टिकला नाही. त्याचे कार्य 'ता'प्रत्ययान्त धातुसाधिताने स्वीकारले: 'तो येता तर बरे होते'. पुढे 'असता' या साहाय्याने 'आला असता' ही रचना रूढ झाली.

व्याकरणकारांचे साचे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूर येथे छापले गेले. मराठीचे पोर्तुगीज व्याकरण 1778 मध्ये रोम येथे, तर विल्यम केरी यांचे इंग्रजी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. युरोपीय लेखकांसमोर लॅटिन परंपरेचा साचा होता. दादोबा पांडुरंग (1836) व मोरो केशव दामले (1911) यांच्या ग्रंथांनी मराठीतून व्याकरणविचाराची परंपरा घडविली. शालेय व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे चार अर्थ स्थिरावले.

तुलना

'सब्जंक्टिव्ह म्हणजे संकेतार्थ' हे समीकरण मात्र अपुरे आहे. 'सि बिबिएरा आकी' म्हणजे 'तो येथे राहत असता तर'. येथे संकेतार्थ जुळतो, पण 'राहिला असता तर' या अर्थी स्पॅनिशमध्ये बहुधा 'उबिएरा बिबिदो' हे संयुक्त रूप लागते. उलट 'केरिआ के आब्लारा' याचे मराठी 'त्याने बोलावे अशी तिची इच्छा होती' असे होते. येथे विध्यर्थ येतो. एकाच स्पॅनिश रूपाचे कार्य मराठीत दोन अर्थांत विभागले आहे.

निष्कर्ष

'पाऊस आला असता तर कपाशी वाचली असती' असे शेतकऱ्याच्या घरात सहज बोलले जाते. न घडलेल्याचे व्याकरण विद्यार्थ्यास जन्मतःच परिचित असते. इंग्रजीचा वळसा घेण्याऐवजी संकेतार्थ व विध्यर्थ यांपासून आरंभ केल्यास परभाषेतील रूप सुगम होते आणि स्वभाषेच्या व्याकरणाकडेही नव्याने लक्ष जाते.