विकास आराखडा व वन्य अधिवास : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्टा

एखाद्या नगराच्या वा प्रदेशाच्या जमिनीचा पुढील काळातील विनियोग ठरविणारा कायदेशीर नकाशा आणि नष्ट होऊ पाहणाऱ्या प्राण्यांच्या वसतिस्थानांचे रक्षण करणारे नियम, या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न. पहिल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चा आधार आहे, तर दुसऱ्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा. एकाचे दप्तर नगररचना खात्याकडे, दुसऱ्याचे वनखात्याकडे. आणि जमीन मात्र एकच, ही या प्रश्नाची मूळ अडचण होय.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात ही अडचण जितकी स्पष्ट दिसते तितकी महाराष्ट्रात क्वचितच दिसत असेल. तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमा नदीच्या उगमाभोवती भीमाशंकरचे सदाहरित अरण्य आहे. आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेस, मुरमाड माळावर, चाकणची औद्योगिक वसाहत आहे. उद्योगांची ही वाट शेजारच्या पिंपरीतून आली: तेथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली इत्यादी गावे तिच्या हद्दीत आली. पुढे मोटारींच्या कारखान्यांनी चाकणचे शिवार व्यापले. या वाढीने लक्षावधी कुटुंबांस अन्न दिले, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु गायराने, ओढ्यांचे काठ आणि टेकड्यांच्या उतरणी यांची नोंद महसुली कागदांत ‘पडीक’ अशीच राहिल्यामुळे तेथे काय जगत होते, हे कोणी विचारलेच नाही.

या पट्ट्यातील प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण बिबट्याचे आहे. धरणे झाली, कालवे आले, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले. दाट, थंड व पाण्याजवळचा असा तो ऊस बिबट्याच्या मादीस पिलांच्या जन्मासाठी रानाइतकाच सोयीचा वाटू लागला, व तोडणीच्या हंगामात मजुरांच्या कोयत्यापुढे पिले निघणे ही नित्याची गोष्ट झाली. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा अनेक बिबटे पिंजऱ्यांत धरून दूरच्या अरण्यांत सोडण्यात आले. पण जेथे ते सोडले तेथेच हल्ले वाढल्याचे वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने पुढे दाखवून दिले. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार-कारखान्यात बिबट्या शिरला आणि कित्येक तासांच्या खटपटीनंतर त्यास बेशुद्ध करून जुन्नर तालुक्यातील माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेण्यात आले. लोकांनी त्यास ‘घुसखोर’ म्हटले. वास्तविक वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचे नाव असले, तरी कोणत्याही आराखड्याच्या रंगांत उसास ‘अधिवास’ हा रंग नाही, आणि कायद्याने प्राण्यास दिलेले रक्षण त्याच्या वाटेस मिळत नाही.

ज्या भूमीस रक्षण मिळाले आहे तेथेही हद्दीबाहेर काय करावे, हा वाद उरतोच. १९८५ मध्ये जाहीर झालेले सुमारे १३० चौ. किमी.चे भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः शेकरू या राज्यप्राण्यासाठी आहे. त्याच्या शेजारच्या वनजमिनीवर पवनचक्क्यांच्या प्रकल्पास मंजुरी मिळाली, तेव्हा स्थानिक वनक्षेत्रपालाने तेथे सदाहरित वन व शेकरूंची वस्ती असल्याचा प्रतिकूल अहवाल दिला होता आणि वरिष्ठांनी तो बाजूस सारला, असे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात नमूद केले आहे. जागेवर जाऊन पाहणाऱ्याचे मत सर्वांत हलके ठरावे, हे या प्रकरणातील खरे दुःख होय. संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचे संवेदनक्षेत्र असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी दिला; २६ एप्रिल २०२३ रोजी, सर्वत्र एकच माप लावणे व्यवहार्य नाही या जाणिवेने, तो सौम्य करण्यात आला.

एकच माप सर्वांस लावल्याने काय होते, याचा कटू अनुभव महाराष्ट्राने माळढोक पक्ष्याच्या बाबतीत आधीच घेतला होता. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौ. किमी. प्रदेश १९७९ मध्ये अभयारण्य ठरविण्यात आला, ज्यात शेते, गावे, बाजारपेठा सारेच आले. खातेदारांच्या व्यवहारांवर बंधने पडली, पक्ष्याविषयी लोकांच्या मनात कटुता साठली, आणि पुढे क्षेत्र १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटविण्यात आले. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. अतिविस्तृत रक्षण आणि रक्षणाचा अभाव यांचे फळ तेथे एकच निघाले.

नद्यांची स्थिती निराळी नाही. लोणावळ्याजवळ उगम पावून देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेस मिळणारी इंद्रायणी वारकऱ्यांस पूज्य, आणि देहूच्या डोहातील मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले. तरी सांडपाण्याने व कारखान्यांच्या स्रावाने आळंदीस तिच्या पृष्ठावर फेस तरंगतो.

उपाय कायद्याच्या बाहेर शोधावा लागत नाही. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार आराखड्यात निसर्गसंपन्न प्रदेशांच्या जतनाची तरतूद करता येते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर आलेल्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत, कलम २८ नुसार, नगररचना वा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीही नेमल्या जातात. कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो डोंगरावर, एका दुर्मिळ फुलपाखरासाठी, बांधकामाच्या आधी अधिवास-योजना करण्याची पद्धत १९८० च्या दशकारंभी रूढ झाली. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे: आधी गट नंबरांवर रंग चढतो, मग हरकती येतात, आणि प्राणी शेवटी, पिंजऱ्यात. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या हद्दीपलीकडे चाकणच्या बाजूस पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, औद्योगिक महामंडळ आणि जुन्नर वनविभाग असे तीन निरनिराळे अंमल चालतात. या तिघांनी आपापले नकाशे एका टेबलावर उलगडून ओढ्यांचे काठ आणि टेकड्यांच्या माळा एकत्र आखल्या, तर बिबट्याची वाट गावाच्या चौकातून जावी लागणार नाही आणि भूमिपुत्रास आपल्या बांधावर रात्री भय बाळगावे लागणार नाही.