जुनं घड्याळ वाचायचं कुठून?

समजा, घरात पणजोबांचं सोन्याचं मनगटी घड्याळ सापडलं आणि तुम्ही ते नाशिकच्या सराफ बाजारात नेलंत. सराफ ते कसोटीवर घासेल, वजन करेल, मोडीचा भाव सांगेल. त्याच्या जागी तो बरोबरच आहे. पण वितळवलेलं साधन परत मिळत नाही, म्हणून आधी ते नीट वाचायला हवं.

नवखा माणूस डायलवरच्या नावापाशी थांबतो. तिथे ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे’ असेल, तर ते विकणाऱ्याचं नाव. आतलं मशीन स्वित्झर्लंडमधल्या कारखान्याचं, जुन्या काही घड्याळांत तर चक्क लाँजिनचं. त्यात डायल नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग जुळवून विकण्याचा धंदा मुंबईत इतका चालला, की परदेशी संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. (काय ही कीर्ती!) डायल हा सगळ्यात कच्चा पुरावा.

आता मागचं झाकण उघडा. स्वित्झर्लंडने १८८० मध्ये सोन्याचांदीच्या घड्याळांच्या शिक्क्यांसाठी कायदा केला. १८ कॅरेटला हेल्वेशिया या स्त्रीचं मस्तक, १४ कॅरेटला खार. आपल्याकडे दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या घड्याळावर भारतीय हॉलमार्क शोधत बसू नका. शिक्क्याऐवजी ‘२० मायक्रॉन’ असं कोरलेलं असेल, तर वर फक्त ०.०२ मिलिमीटर सोनं आहे. हलक्या हाताने घासलं तर कसोटी तिथेही सोनंच दाखवेल. चाचणी पृष्ठभागाची आणि निष्कर्ष अख्ख्या वस्तूचा, ही गफलत प्रयोगशाळेतही होते.

झाकणाच्या आत कधीकधी सुईने खरवडलेले बारीक आकडे दिसतात. ती कारागिरांची नोंद, प्रत्येक दुरुस्तीच्या वेळची. माझ्या मते त्या घड्याळातली ही सगळ्यात मोलाची जागा, आणि पॉलिशमध्ये पहिला बळी तिचाच जातो.

म्हणून दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: मशीन उघडून धुवा, तेल द्या, स्प्रिंग तुटली असेल तर बदला, केसला पॉलिश नको, डायल रंगवू नका, काढलेला भाग पुडीत परत द्या. त्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

काट्यांवर पिवळट-तपकिरी थर असेल तर घरी खरवडू नका. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं नसतं. थकतं ते झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. घड्याळजीलाही हे आधी सांगा, तो डोळ्याला भिंग लावून अगदी जवळून काम करतो.