हळदीचं पेटंट आणि आमच्या गल्लीतला खिळा

परवा नातवाचा गुडघा फुटला आणि घरात हळद की मलम असा वाद झाला. त्यावरून हे आठवलं.

बेळगावात १९६० च्या सुमारास खरचटलं म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नसे. आई हळदीचा डबा काढायची, चिमूटभर पूड जखमेवर दाबायची, वर जुन्या धोतराची चिंधी. शेतात लागलं तर कंबरमोडीचा पाला, ज्याला काही जण दगडी पाला म्हणतात, तळहातावर चोळून रस पिळायचा. रक्त थांबायचं, हे मी स्वतः पाहिलंय. गंमत म्हणजे ही कंबरमोडी मूळची आपली नव्हेच, अमेरिका खंडातून आलेली. आणि आपण तिला पूर्वापार म्हणतो!

१९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा भारतीय वंशाच्या संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या काळात संस्थेनं त्याला आव्हान दिलं. संस्कृत, उर्दू, हिंदीतले मिळून ३२ संदर्भ दाखल केले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकन पेटंट ऑफिसनं सगळे दावे फेटाळले. आमच्या शाखेत त्या दिवशी चहाबरोबर तोच विषय. छाती फुगली होती सगळ्यांची, माझीसुद्धा.

पण पेटंट ऑफिससमोर प्रश्न एवढाच होता, की हे नवीन आहे का? उत्तर आलं, नाही. हळदीनं जखम खात्रीनं बरी होते का, हे तिथं कोणी ठरवलंच नाही. चेकवरची सही जुळली म्हणून खात्यात शिल्लक आहे असं होत नाही.

माझ्या वर्गात आमच्याच गल्लीतला एक मुलगा होता. गोठ्याजवळ गंजका खिळा त्याच्या तळव्यात घुसला. घरच्यांनी तेलात हळद गरम करून भरली. चार दिवसांत जखम वरून मिटली, सगळे निश्चिंत. आठवड्याभरानं त्याचा जबडा उघडेना. धनुर्वात. तो गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. तिथं हळद काय करणार? त्याच्या आईनं हळद लावली म्हणून तो गेला असं मी कधीच म्हणणार नाही. हळदीवर विसंबून दवाखान्यात नेलं नाही, एवढंच.

बाळाच्या नाळेवर शेण, राख लावायची चालही तेव्हा पुष्कळ घरांत होती. त्यातून किती बाळं गेली असतील! गरोदर बायकांना टीटीचं इंजेक्शन, दवाखान्यातलं बाळंतपण, स्वच्छ नाळ यांनी ते थांबत आलं. २०१५ मध्ये भारतानं त्या धनुर्वातावर मात केल्याचं जाहीर झालं.

प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं, हे खरं आहे. पण माणसांच्या जखमांवर मोठ्या चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. शिवाय डब्यातली पूड निर्जंतुक नसते. पिवळेपणासाठी त्यात शिशाचा रंग मिसळल्याचीही प्रकरणं निघाली आहेत.

नातवाचा गुडघा साबण-पाण्यानं धुतला आणि लसीचं कार्ड काढून पाहिलं. हळद मिळाली, पण दुधातून, आजीच्या समाधानासाठी.

बरं, कंबरमोडीला तुमच्याकडे इंदूर-बडोद्याला काय म्हणतात? कळवा.